करंट आल्याची खूण

करंट गेला की मला बरं वाटतं. हे कुणाला सांगितलं तर लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतील, कारण मी सुतार आहे आणि माझं निम्मं काम करंटवर चालतं. पण खरं ते खरं. पंखा थांबतो, वहिनीच्या घरातला फ्रिज एक आचका देऊन गप्प होतो, आणि मग जी शांतता पसरते तिच्यात मला सुखाने श्वास घेता येतो. त्रास होतो तो करंट परत येताना. आठ वर्षं झाली. अजून करंट आला की आधी मी हातातलं काम खाली ठेवतो आणि मग पंखा फिरायला लागतो.

आमचं गाव जोयड्याहून गणेशगुडीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, रानात आहे. सुप्याचं धरण आमच्या उशाला. तिथे तयार होणारा करंट आमच्याच डोक्यावरच्या तारांमधून कुठल्या कुठल्या शहरांना जातो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात एक फांदी पडली की दोन-दोन दिवस अंधार. लाईनमनला दोष देण्यात अर्थ नाही. एक माणूस, खाली जळवा, वर पाऊस, आणि फांदी नेमकी कुठे पडली ते शोधत मैलभर चालायचं. त्यामुळे आमच्याकडे कुणी 'करंट कधी येणार' असं विचारत नाही. 'आला काय' असं विचारतात.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मला रंधा धरायला त्यानेच शिकवलं, आणि ताटात शीत टाकू नये हेही त्यानेच. आमची दोघांची घरं एकाच अंगणात, मधे कामाची शेड. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायला आलेल्यांना मी असं उत्तर द्यायचो की दुसऱ्यांदा कुणी विचारायला आलं नाही. माझं जेवण वहिनीच्या हातचं, तेव्हाही आणि आजही.

करंटचा रंधा आणायचा हट्ट माझा. अण्णाला हातरंधा पुरत होता. सकाळी फणसाची फळी टेबलावर घ्यायची, एका लयीत ढकलत राहायचं, मधेच थांबून तळव्याने चाचपायचं, परत ढकलायचं. मला एवढा दम कुठला. एका चौकटीला तीन दिवस म्हणजे मला जन्मठेप वाटायची. वर्षभर त्याचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तो बेळगावला आला आणि आम्ही मशीन घेऊन आलो. त्या दिवशी मी ते चालवायला उतावीळ, आणि अण्णाने काय केलं तर पाना घेऊन ते उघडलं. खालच्या रुळावर दोन पाती कशी बसतात, पट्टा कुठून फिरतो, भुसा कुठल्या तोंडातून बाहेर पडतो, सगळं बघून घेतलं. बंद करून माझ्या हातात देताना म्हणाला, "हात आत घालायच्या आधी पिन भायेर. करंट असू दे न्हाईतर नसू दे."

हा नियम त्याने कधी मोडलेला मी पाहिला नाही. पातं बदलायचं असो की तोंडात अडकलेला भुसा काढायचा असो, तो आधी शेडच्या कोपऱ्यातल्या बोर्डापर्यंत चालत जायचा, वायरीची पिन सॉकेटमधून काढायचा, बोर्डाखाली एक खिळा होता त्याला ती अडकवायचा आणि मग येऊन बसायचा. करंट गेलेला असला तरी हेच. मी त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, "अण्णा, तारेत आता काय वारं हाय व्हय?" तो हसायचा आणि चालत जायचा.

मशीनची निगा राखण्यातही तो असाच होता. फणसाचा चीक पात्यांना धरतो, तो रोज संध्याकाळी रॉकेलच्या फडक्याने पुसायचा. दोन पात्यांतलं एक बोथट झालं तरी दोन्ही एकदम बदलायचा, नाहीतर मशीन थरथरतं आणि फळीवर लाटा उठतात. नवी पाती बसवताना तळावर काचेची पट्टी आडवी ठेवायची आणि रूळ हाताने हळूहळू फिरवायचा. पातं काचेला नुसतं घासून गेलं पाहिजे, काच उचलली जाता कामा नये. हे करताना तो श्वास रोखायचा. पावसाळ्यात पात्यांना खोबरेल तेलाचा हात, आणि दिवसाचं काम संपलं की मशीन खोक्यात. मला या सगळ्याचा कंटाळा यायचा आणि मी तो लपवतही नव्हतो.

आता खुणेबद्दल सांगायला हवं. रोप लावायच्या दिवसांत आमचे हात शेतात आणि शेडमध्ये वाटलेले असतात. करंट गेला की शेतात उतरायचं, आला की चिखल धुऊन शेडमध्ये यायचं. पण शेत खाली ओढ्याकाठी. तिथून करंट आला की नाही कसं कळणार? शेडमधला दिवा दिवसा दिसत नाही. गावात प्रत्येकाची आपापली खूण होती. कुणी रेडिओ मोठा करून चालू ठेवायचं, कुणी मिक्सर. मी म्हटलं, आपल्याकडे तर रेडिओच्या चौपट ओरडणारी वस्तू आहे. रंध्याच्या मुठीत आतून खटका असतो. तो दाबून धरला की मशीन चालतं. बाजूला एक छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका दाबलेलाच राहतो, बोट दुखू नये म्हणून केलेली सोय. मी काय करायचो, करंट नसताना पिन बोर्डात लावायचो, खटका दाबून ते बटण आत ढकलायचो, आणि मशीन नाकाखाली ठोकळा देऊन टेबलावर ठेवायचो, म्हणजे पाती कशाला लागणार नाहीत. करंट आला की रंधा आपोआप किंचाळायला लागायचा आणि आवाज ओढ्यापर्यंत यायचा. मी धावत वर.

अण्णाच्या हे लक्षात आलं तेव्हा तो रागावला. त्याचं रागावणं म्हणजे आवाज आणखी खाली जायचा. "मशीन हाय ती. देवळातली घंटा न्हाई," म्हणाला. मी चार दिवस बंद केलं आणि मग परत सुरू केलं, तो शेडमध्ये नसेल तेव्हा. मला वाटायचं, काय होणार आहे? रिकाम्या शेडमध्ये मशीन एकटं ओरडतंय, त्यात कुणाचं काय जातं?

आषाढातला दिवस होता. अण्णाला सकाळपासून कणकण होती, तरी एका घराच्या चौकटीची उभी बाजू तो मशीनवर काढत होता. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. ओला भुसा तोंडात चिकटून बसत होता. दहाच्या सुमाराला करंट गेला. अण्णाने मशीन ठोकळ्यावर टेकवलं, चालत कोपऱ्यात गेला, पिन काढली, खिळ्याला अडकवली. "पेज पिऊन जरा आडवा होतो," म्हणून घरात गेला. हे सगळं मी पाहिलं. मी दारात उभा राहून शेतावर जायला इरलं डोक्यावर घेत होतो.

तो आत गेल्यावर मी पिन खिळ्यावरून काढून बोर्डात लावली, खटका दाबला आणि बटण आत ढकललं. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मशीन जिथे त्याने ठेवलं होतं तिथेच होतं. बघणाऱ्याला काहीच फरक दिसला नसता.

मी खाली पोचून अर्धा-पाऊण तास झाला असेल. वहिनी आणि शेजारच्या बायका रोप लावत होत्या, मी बांध नीट करत होतो. आणि वरून रंध्याचा आवाज आला. "आला करंट," मी म्हणालो. मला बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आठ वर्षांत मी पुष्कळ गोष्टी विसरायचा प्रयत्न केला आणि त्यातल्या काही विसरलोही, पण त्या घडीला मला बरं वाटलं होतं हे काही जात नाही. मग आवाज एकदम खाली बसला, पातं गाठीत अडकल्यावर बसतो तसा, आणि पुन्हा चढला. रिकाम्या शेडमध्ये ठोकळ्यावर ठेवलेल्या मशीनचा आवाज असा बसत नाही. माझ्या हातातली कुदळ तिथेच पडली.

अण्णाला पडून राहवलं नव्हतं. करंट येईपर्यंत तोंडात अडकलेला भुसा तरी काढू, म्हणून तो शेडमध्ये आला होता. पिन आपण काढली आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यामुळे त्याने बोर्डाकडे बघितलंही नाही. मशीन मांडीवर उताणं घेतलं, एका हाताने भुशाच्या तोंडात काडी घातली आणि दुसऱ्या हाताने रूळ फिरवायला घेतला.

मी पोचलो तेव्हा मशीन जमिनीवर पडून ओरडत होतं आणि शेणाने सारवलेली जमीन खरवडून भिंतीवर उडवत होतं. अण्णा उभा होता. उजवा हात डाव्या काखेत दाबून धरलेला, सदरा लाल. मी धावत जाऊन पिन उपटली. ते करणं भागच होतं. अण्णा माझ्या हाताकडे बघत होता. "पिन हुती?" एवढंच त्याने विचारलं. टॉवेल शोधायच्या गडबडीत आहे असं मी दाखवलं.

शेजाऱ्यांची जीप होती. जोयड्यात हात बांधला, मग दांडेलीला नेलं. अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गेली, तिसऱ्याचं एक पेर. ऑपरेशननंतर संध्याकाळी तो नीट शुद्धीवर आला. वहिनी पायाशी उभी होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाचं आणि पदर रक्ताचा. अण्णाने मला जवळ बोलावलं.

"मी पिन काढली हुती न्हवं रे?" तो म्हणाला. "तू परत लावलीस काय?"

"न्हाई अण्णा," मी म्हणालो. "मी हात बी लावला न्हाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात संशय नव्हता. असता तर मी कदाचित बोललो असतो. मग त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मग माझंच चुकलं. मी काढलीच नसंल."

का खोटं बोललो? भ्यालो, दुसरं काय. वहिनी समोर होती, तिच्या पदराकडे बघत मी सांगणार काय? वाटलं, दोन दिवसांनी सांगू, जखम सुकल्यावर सांगू, घरी गेल्यावर सांगू. खोटं बोलायला एक क्षण लागला आणि खरं बोलायला मुहूर्त मिळेना. गावात येणारे-जाणारे म्हणायचे, एवढा जपून काम करणारा माणूस आणि पिन काढायला विसरला बघा. मी मान डोलवायचो. कुणी असं म्हणालं की तिथून उठून जायचं, एवढीसुद्धा लाज मला तेव्हा नव्हती.

मला आधी वाटलं होतं की अण्णा बोटांसाठी झुरेल. तसं झालं नाही. त्याने डाव्या हाताने जेवायला, कोयता धरायला सहा महिन्यांत शिकून घेतलं. झालं ते वेगळंच. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला तो जोयड्याला जायला निघाला आणि वळणावरून परत आला. दाराला कडी लावली का ते बघायला. लावलेली होती. पुन्हा निघाला, पुन्हा आला. बस गेली. वहिनी हसली, मीही हसलो. मग ते रोजचं झालं. चुलीतला विस्तव, गॅसचं बटण, गोठ्याचं दार. आपण केलं असं त्याला आठवायचं, पण त्या आठवण्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही. "केलं असं वाटतंय," तो म्हणायचा, "पण मला वाटून काय उपयोग?"

आमच्या रानात भुतं आहेत असं म्हणतात. धरणात बुडालेल्या गावांची माणसं उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपापल्या जोत्यांवर येऊन बसतात, असं शपथेवर सांगणारे लोक मला माहीत आहेत. मला त्यांची भीती कधी वाटली नाही. मला भीती वाटते ती रोज दिवेलागणीला. अण्णा घरातल्या प्रत्येक बोर्डापाशी जातो, डाव्या हाताने तो चाचपतो, ओठातल्या ओठात काही म्हणतो आणि पुढच्या बोर्डाकडे जातो. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेडमध्ये येतो. मी काम करत असलो तर दारात उभा राहतो आणि कोपऱ्यातल्या बोर्डाकडे बघत राहतो. माणूस जिवंत असून असा फिरायला लागला, तर त्याला काय म्हणायचं?

मशीन आम्ही टाकून दिलं नाही. अण्णा कधी टाक म्हणाला नाही आणि मी टाकलं असतं तर का टाकलं हे कुणीतरी विचारलं असतं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी ते एकट्याने उघडलं. तोंडात भुसा घट्ट बसलेला होता, वाळून काळा झालेला. भुसाच फक्त नव्हता तो. रॉकेलने धुतलं, पट्टा बदलला, नवी पाती बसवली. काचेची पट्टी तळावर ठेवून रूळ फिरवायच्या आधी मी तीनदा उठून बोर्ड बघून आलो. जुनी पाती गणेशगुडीच्या पुलावरून काळी नदीत टाकली.

तेव्हापासून मीच ते मशीन सांभाळतो, अण्णासारखंच. पिन काढून नुसती खिळ्याला अडकवत नाही, खाली मांडी घालून तिच्यावर बसतो. पिन मांडीला टोचत असते, समोर मशीन उघडं असतं, तरी रुळाला बोट लावताना कानात आवाज चढतो. कधी कधी मशीन खोक्यात असतं, पिनही वायरीसकट आत गुंडाळलेली असते, करंट येतो, आणि मला रंधा स्वच्छ ऐकू येतो. आधी चढलेला, मग खाली बसलेला, मग पुन्हा चढलेला. दाराकडे बघावं तर अण्णा उभा असतो. त्यालाही ऐकू येतं का, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा माघात अण्णाची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. तिला दांडेलीला मुलगा झाला आणि पाचव्या दिवशी ती घरी आली. आमच्या घरात एक रीत आहे. पाळणा घरातल्याच सुताराच्या हातचा, आणि मूल जन्माला यायच्या आधी त्या लाकडाला रंधा लावायचा नाही. लाकूड वर्षानुवर्षं वाळवून ठेवा, पण तासायचं ते मूल रडल्यावर. म्हणजे बारशापर्यंत हातात मोजके दिवस. तिच्या वेळी पाळणा अण्णाने केला होता. या वेळी फणसाच्या फळ्या त्याने माझ्या पुढ्यात आणून ठेवल्या आणि म्हणाला, "तू कर. मी केलेल्या पाळण्यात पोरगं घालायचं मला भ्या वाटतंय."

पोरगं तो हातातही घेईना. वहिनीने पुढे केलं की दोन पावलं मागे सरकायचा. "मी कुठं तरी ठेवीन आनि इसरून जाईन," असं म्हणाला. थट्टेने नव्हे. मुलगी ऐकून रडली. रात्री नाही, दिवसाढवळ्या, आमच्या सगळ्यांसमोर. मग तिने ठरवलं की बारसं झालं की जावई आप्पांना, अण्णाला ती आप्पा म्हणते, धारवाडला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन जातील. तिला आठ वर्षं हे दिसत होतं, तिने त्याबद्दल चौकशीही केली होती. मला वाटलं अण्णा चिडेल. पण तो शहाण्या मुलासारखा म्हणाला, "न्या. डोस्क्यात काय तरी झालंय खरं. पिनच्या येळीच कळाय पायजे हुतं." मी पुढ्यातलं ताट तसंच सोडून उठलो. वहिनी म्हणाली, काय झालं, मीठ जास्त झालं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाळण्याच्या बाजू मशीनवर काढत होतो. करंट गेला. मी कोपऱ्यात जाऊन पिन काढली आणि ती मांडीखाली घेऊन तोंडातला भुसा काढायला बसलो. अण्णा दारात आला.

"पिन काढलीस?" त्याने विचारलं.

मी मांडीखालून काढून दाखवली.

"बरं केलंस. माझ्यागत हू नगो," तो म्हणाला आणि वळला.

"अण्णा," मी म्हणालो, "तू पिन काढली हुतीस."

तो थांबला. मी त्याच्याकडे न बघता बोलत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा आठ वर्षं गेली असती. "तू पिन काढलीस, खिळ्याला अडकवलीस, आनि पेज प्यायला गेलास. मी बघितलं. मी परत लावली. करंटाची खूण म्हणून. बटण बी मीच दाबलं."

अण्णा आत आला आणि ओंडक्यावर बसला. त्याचं तोंड मला दिसत होतं, पण ते वाचता येत नव्हतं. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते, दिवेलागणीला हलतात तसे. मग म्हणाला, "खिळ्याला अडकवली हुती?"

"व्हय."

"मला आठवत हुतं ते. वायर खिळ्याला दोन येढं दिलेली. आठ वर्सं मला ते दिसतंय." त्याने उरलेल्या बोटांनी तोंडावरून हात फिरवला. "मी तुला इचारलं हुतं."

"व्हय."

"तू न्हाई म्हणालास."

तो रागावेल, मारेल, असं मला वाटत होतं, आणि मारावं असंही वाटत होतं. त्याचा आवाज आणखी खाली गेला.

"बोटांचं काय न्हाई रे," तो म्हणाला. "बोटं काय, सुताराची जात्यात. पर मला दिसत हुतं, आनि तू न्हाई म्हणालास. मी माझ्या डोस्क्याला खोटं पाडलं आनि तुला खरं धरलं."

तो उठून गेला. करंट केव्हा आला ते मला कळलं नाही. मशीन मांडीवर घेऊन मी तसाच बसून होतो, आणि मी रडत होतो, पण ते ऐकायला कुणी नव्हतं हे बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाने वहिनीला सांगितलं की धारवाडला जायचं नाही. आणि पोरगं मागून घेतलं. डाव्या हाताच्या घडीत घेऊन तो पडवीत बसला, ऊन सरकेल तसा सरकत, जेवणवेळ होईपर्यंत. वहिनीने देवाला नारळ बोलला होता म्हणे, तिला वाटलं देव पावला. त्या संध्याकाळी त्याने एकही बोर्ड चाचपला नाही. जोयड्याला जाऊन बारशाचं सामान घेऊन आला, वळणावरून परत न येता. वहिनीला त्याने कारण सांगितलं का, मला माहीत नाही. मला वाढताना तिचा हात पूर्वीसारखाच चालतो. मुलगी मला म्हणाली, "काका, आप्पा पयल्यासारखे झाले बघा." मी म्हणालो, व्हय.

बारशाच्या दिवशी पाळणा मधल्या घरात आढ्याला टांगला. घर बायकांनी भरलेलं, पोरगं नव्या झबल्यात. चारी कड्या मी सकाळीच ताणून बघितल्या होत्या, दोन माणसं लोंबकळली तरी हलल्या नसत्या. अण्णा पोरगं घेऊन पाळण्यापाशी आला. मी म्हणालो, "घाल अण्णा, कड्या घट्ट हायत. मी बघितल्यात."

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात, अगदी नेहमीसारखं बघितलं. मग पोरगं वहिनीच्या हातात दिलं, आणि डाव्या हाताने एकेक कडी धरून, ओठ न हलवता, एकदाच सगळा भार देऊन ओढली. चारही कड्या घट्ट होत्या. मग पोरगं परत घेतलं आणि पाळण्यात घातलं.